गुळाची पुरचुंडी

औशापासून तीन कोस आत कवठवाडी. लातूर जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं होत आली होती, तरी गावातली जुनी माणसं कचेरीच्या कामाला निघाली की "उस्मानाबादला चाललो" असंच म्हणायची आणि लातूरच्या गाडीत बसायची. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही. एक साल अर्धंमुर्धं पिकलं, दुसरं दरोबस्त कोरडं गेलं. मग गावाच्या वरच्या माळावर रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं आणि निम्मं गाव त्या कामावर गेलं. गडी कुदळ मारायचे, बाया मातीच्या पाट्या वाहायच्या, आणि त्यांची लहान लेकरं बाभळीच्या सावलीत गुणाबाईच्या हवाली असायची.

गुणाबाई तेव्हा पन्नाशीला टेकली होती. पाट्या उचलून कंबर धरली म्हणून मुकादम नरसिंगनं तिला लेकरं सांभाळायला बसवलं, पण ते काम जणू तिचंच होतं. स्वतःचा तिला एकच मुलगा, भुजंग. मात्र गावात कुणाच्या घरी पाळणा हलला की बाळाला न्हाऊ-माखू घालायला गुणाबाईलाच बोलावणं यायचं. कसलंही किरकिरं लेकरू तिच्या मांडीवर आलं की निवायचं.

तरी माळावर पंचवीस-तीस लेकरं एकदम सांभाळणं सोपं नव्हतं. दूध कुठून आणायचं? गुरं छावणीला गेलेली. आया दुपारच्या सुट्टीपर्यंत खाली येऊ शकत नव्हत्या. एक रडायला लागलं की सगळी रडायची, आणि वर पाटी घेतलेल्या आईचा पाय अडखळायचा. गुणाबाईनं मग जुनाच इलाज काढला. मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा, त्यात सुपारीएवढा गुळाचा खडा, वरून दोऱ्याची गाठ. पुरचुंडी पाण्यात बुडवायची आणि लेकराच्या तोंडात द्यायची. चोखत चोखत लेकरू झोपी जायचं. जागं झालं की पुन्हा बुडवायची. गूळ आयाच घरून आणून द्यायच्या.

"गुणाबाईच्या सावलीत लेकरू रडत न्हाई," असं आसपासच्या कामांवरही बोललं जाऊ लागलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा थांबून ते पाहिलं आणि नरसिंगला म्हणाले, "ही बाई सोन्यासारखी आहे." गुणाबाईनं पदर ओढून घेतला, पण ते शब्द तिनं चांगले आठ दिवस जपले.

त्या लेकरांत तिची नातही होती. भुजंग आणि केवळाची पहिली लेक, मुद्रिका, चार वर्षांची. आजीच्या शेजारी बसून ती बारक्या पोरांच्या पुरचुंड्यांना गाठी मारून द्यायची आणि एखादी आपल्याही तोंडात धरायची.

त्या सालच्या चैत्रात मुद्रिकाचा डावा गाल सुजला. त्याच्या आधी महिनाभर ती भाकर एकाच बाजूनं चावायची, कालवणात कुस्करून दिली तरच खायची. थंड पाणी पिताना गालाला हात लावायची. "दुधाचे दात हायेत, किडले तर किडले, पडतेत की," असं गुणाबाईच केवळाला म्हणाली होती. सूज दिसली तेव्हा घरातल्या सगळ्यांनीच ती गालफुगी धरली. लेप लावला, फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली उतरली. मान ताठ झाली, जीभ वर उचलल्यासारखी दिसायला लागली, लाळ गळायला लागली, पाण्याचा घोट उतरेना. औशाच्या डॉक्टरनं सुई दिली आणि म्हणाला, लातूरला न्या, उशीर करू नका. फाट्यावर गाडी यायला दीड तास लागला. गाडीत मुद्रिका आजीच्या मांडीवर होती. वाटेतलं बुधोडा गाव मागं पडलं आणि तिच्या श्वासाची शिट्टी थांबली. कंडक्टरनं घंटी मारून गाडी उभी केली तेव्हा केवळा पाण्याचा तांब्या हातात धरून अजून म्हणत होती, "आत्या, पाणी पाजा की तिला, पाणी पाजा."

गाव म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, माहूरच्या देवीचा नवस राहून गेला होता. गुणाबाई माहूरला जाऊन नवस फेडून आली. तेराव्यानंतर केवळानं पाटी उचलली आणि गुणाबाई बाभळीखाली जाऊन बसली. दुसरं काय करणार? लेकरं होती, ती कुणीतरी बघायला हवी होती.

पुढच्या माघात गावात एक जीप आली. जीपमधून उतरली ती डॉक्टर शिवकांता. उदगीरच्या दुकानदाराची लेक, औरंगाबादला दातांच्या डॉक्टरकीचं वरचं शिक्षण घेत होती. नव्या जिल्ह्यातल्या खेड्यांत सहा वर्षांखालच्या लेकरांचे दात कसे आहेत, त्यांना इलाज कुठं मिळतो, याची पाहणी करायला ती निघाली होती. बारा गावं तिनं ठरवली होती, त्यात कवठवाडी पहिलं.

शाळेच्या ओसरीवर तिनं खुर्ची मांडली. श्रीमंत गुरुजी कागदावर लिहून घ्यायला बसले. पण पहिल्याच लेकरानं तिच्या हातातला आरसा पाहून जो हंबरडा फोडला, तो ऐकून बाकीची शाळेच्या भिंतीला भिडली. गुरुजी म्हणाले, "गुणाबाईला बलवा. तिच्याबिगर एक बी तोंड उघडायचं न्हाई."

गुणाबाई आली, फतकल मारून बसली, लेकराचं डोकं मांडीवर घेतलं. "आ कर माझ्या राजा. बाईला तुझ्या तोंडातली चिमणी दाखव." आणि लेकरानं आ केला.

"मावशी, तुम्ही नसता तर मी आज रिकाम्या हातानं गेले असते," शिवकांता म्हणाली. गुणाबाई हसली.

पहिली दोन-तीन लेकरं होईपर्यंत शिवकांता बोलत होती, उदगीरच्या गोष्टी सांगत होती. मग तिचं बोलणं कमी झालं. लेकराचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलायचा, बघायचं, आकडे सांगायचे. वरचे पुढचे चार दात बहुतेकांना नव्हतेच. हिरडीच्या कडेला काळी खुंटं तेवढी राहिली होती. दाढांना खड्डे. तीन-तीन वर्षांची लेकरं, पण तोंडं म्हाताऱ्यांची. गुणाबाई रोज या लेकरांना जवळ घेत होती, त्यांची तोंडं पुसत होती. त्यांचे ओठ उचलून आत बघावं असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

गुरुजी प्रत्येक आईला कागदावरचे प्रश्न विचारत होते. त्यात एक प्रश्न होता, लेकराला गप करायला किंवा झोपवायला तोंडात काही गोड देता का? आया घुटमळल्या की गुणाबाईच मोठ्यानं उत्तर द्यायची. "हाव, देतो की! मीच देते. गुळाची पुरचुंडी. लिवा गुरुजी, बिनघोर लिवा." ऊन डोक्यावर यायच्या आत हे उत्तर तिनं एकोणीस वेळा दिलं.

मग मल्लम्मा आपला नातू घेऊन आली. मन्मथ, साडेतीन वर्षांचा. उजव्या गालाला फडकं बांधलेलं, अंग तापलेलं.

"गालफुगी हाय बाई, लेप लावलाय. दात तेवढे बघून घ्या," मल्लम्मा म्हणाली.

शिवकांतानं फडकं सोडलं, गाल दाबून पाहिला, मग बोटांनी हनुवटीखाली चाचपलं. तिचा चेहरा पालटला.

"ही गालफुगी नाही. खालची दाढ आहे. मुळाशी पू झालाय आणि तो गळ्याकडं उतरतोय. याला आजच्या आज न्यायला पाहिजे."

"दाढंसाठी दवाखाना?" मल्लम्मा हसली. "दुधाची दाढ ती. पडंल आपसूक."

"आजी, ती पडायच्या आधी लेकरू जाईल. जिभेखाली सूज चढली की श्वासाची वाट बंद होते."

मन्मथचं डोकं गुणाबाईच्या मांडीवर होतं. त्याच्या कपाळावर फिरणारा तिचा हात थांबला.

"जीभ वर उचलती का, बाई?" तिनं विचारलं.

"हो."

"लाळ गळती? पाणी उतरत न्हाई?"

"हो. मावशी, तुम्ही हे कुठं बघितलंय?"

गुणाबाईनं सांगितलं. महिनाभर एका बाजूनं भाकर चावणं, थंड पाणी, लेप, ताठ झालेली मान, बुधोडा. सांगताना तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसा. मग ती म्हणाली, "दातानं? दातानं कुणी मरतंय व्हय, बाई?"

शिवकांतानं हातातला आरसा खाली ठेवला. "मी तिला बघितलं नव्हतं, मावशी. छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगताय ते सगळं दाताचंच लक्षण आहे."

नजर नव्हती, देवी नव्हती. एक दाढ होती, मुगाच्या दाण्याएवढा खड्डा पडलेली, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. गुणाबाईच्या मांडीवर मन्मथ कण्हत होता.

"मग काढा की ती दाढ. हितंच काढा," ती एकदम म्हणाली.

शिवकांतानं आपल्या पिशवीकडं पाहिलं. "माझ्याकडं फक्त आरसे आणि सळया आहेत. हत्यारं नाहीत, भूल नाही. आम्ही पाहणीला आलोय."

"नुसतं बघाया आलाव?"

"हो."

"लेकराच्या तोंडात मरण बघायचं आन् कागदावर लिवून निघून जायचं?"

शिवकांतानं आरसे डब्यात भरले, डबा पिशवीत टाकला आणि ड्रायव्हरला जीप लावायला सांगितलं. मल्लम्मानं सुटलेलं फडकं उचलून ओच्यात खोचलं. मन्मथ गुणाबाईला सोडेना, म्हणून तिघीही जीपमध्ये बसल्या.

लातूरला पहिल्या डॉक्टरनं दारातच सांगितलं, "एवढ्या लहान लेकराला मी हात लावत नाही. भूल देणारा माणूस लागतो." दुसऱ्या, सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरची खोली होती, दारावर ताज्या रंगाची पाटी होती आणि कडीला कुलूप. तिथला माणूस बिचारा भला होता. त्यानं समजावून सांगितलं, पद मंजूर आहे, अजून माणूस यायचाय, नवा जिल्हा आहे, थोडा वेळ लागणारच. तिसऱ्यानं मन्मथच्या तोंडात न बघताच विचारलं, "दुधाच्या दातासाठी एवढी धावपळ कशाला?" शिवकांता त्याच्यावर ओरडली. डॉक्टर बाई एवढी ओरडेल असं गुणाबाईला वाटलं नव्हतं.

जीपमध्ये परत बसताना गुणाबाईनं विचारलं, "एवढ्या मोठ्या जिल्ह्यात कुणीच न्हाई?"

"लेकरांसाठी कुणीच नाही, मावशी. मलाही आज पहिल्यांदा कळतंय." मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "नांदेडला चला."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. गुणाबाई मन्मथच्या नाकाशी कान लावून बसली होती. रस्त्यात खड्डा आला की श्वास ऐकू यायचा नाही आणि ती कान आणखी जवळ न्यायची. मागच्या वेळी हीच मांडी होती.

ऊन उतरता उतरता नांदेड आलं. डॉक्टर सिद्रामप्पा शिवकांताच्या ओळखीचे, केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी हनुवटीखाली बोट लावलं आणि भूल देणाऱ्याला निरोप धाडला. "रात्रीपर्यंत थांबला असता तर मी काही करू शकलो नसतो," एवढंच ते म्हणाले. मन्मथ हात सोडेना म्हणून त्यांनी गुणाबाईला आत राहू दिलं. सुई लागून त्याचे डोळे मिटल्यावर तिनं पुढचं सगळं पाहिलं. दाढ निघाली, एवढीशी, आणि तिच्यामागून पू आला. येतच राहिला. त्या इवल्या तोंडात एवढं कुठं मावलं होतं, हे तिला कळेना. थोड्या वेळानं मन्मथ जागा होऊन जोरात रडायला लागला. मल्लम्मानं दाराला डोकं टेकलं. या रडण्याला गप करावं असं गुणाबाईला वाटलं नाही.

मन्मथला दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर गुणाबाईनं शिवकांताला गाठलं.

"बाई, त्या कागदात गुळाचं कामून इचारत व्हता?"

शिवकांता चपापली. "असंच, मावशी. सगळ्याच गावांत विचारायचं आहे."

"मला आडाणी समजू नगा. गुळानं व्हतंय का?"

"एकट्या गुळाचं नाही ते. दूध नव्हतं, खायला धड नव्हतं, दाखवायला डॉक्टर नाही..."

"ते ऱ्हाऊ द्या. गुळानं व्हतंय का न्हाई, तेवढं सांगा."

"होतं," शिवकांता म्हणाली. "दिवसभर तोंडात गोड राहिलं की दात सडतात."

गुणाबाई बाकावरून उठली आणि नळापाशी जाऊन उभी राहिली. नळाला पाणी नव्हतं. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता. मीच देते, लिवा गुरुजी, बिनघोर लिवा. एकोणीस वेळा. आणि त्याच्या आधी दीड वर्ष, रोज, तीस लेकरं.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते सांगायचं. केवळा चुलीपुढं भाकरी थापत होती. गुणाबाई तिच्यासमोर बसली आणि काही न लपवता सांगितलं, दाढेचं आणि गुळाचं. तव्यावरची भाकर करपली. केवळानं ती उलटली नाही.

"गूळ मी देत व्हते," केवळा म्हणाली. "माझ्या हातानं बांधून देत व्हते." आणि मग, "आत्या, तुमी मला कामून सांगितलाव?"

दुसऱ्या दिवशी केवळा निलंग्याकडं माहेरी निघून गेली.

आठवड्यानं शिवकांताची जीप राहिलेल्या लेकरांसाठी परत आली. कवठवाडीचं काम संपलं. गुरुजींनी कागद एकावर एक लावले, नावं वाचून दाखवली. एक्केचाळीस लेकरं. गुणाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आमची मुद्रिका न्हाई त्यात."

"मावशी, जी आहेत त्यांचेच दात मोजता येतात," शिवकांता म्हणाली.

"म्हंजी जे लेकरू त्यानं गेलं, ते तुमच्या कागदात न्हाईच? मग तुमच्या वरच्या साहेबांना वाटंल, दातानं नुसते दातच जातेत."

शिवकांतानं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. नंतर तिनं एक कोरा कागद घेतला आणि गुरुजींना न सांगता स्वतःच वर लिहिलं, मुद्रिका भुजंग, वय चार वर्षं. एकेक लक्षण विचारून घेतलं. शेवटी लिहिलं, दाताचा संशय. "संशयच लिहिता येईल," ती म्हणाली.

"लिवा. न लिवण्यापरीस बरं."

उरलेल्या अकरा गावांत गुणाबाई जीपमधून तिच्यासोबत गेली. लेकरांची डोकी मांडीवर घेणं तिचं कामच होतं, पण आता ती आयांना आणखी एक विचारायची. गालफुगीनं कुणाचं लेकरू गेलंय का? सूज आधी गालाला होती का? त्याच्या आधी दाढ दुखत होती का? बाया आधी बुजायच्या. मग गुणाबाई आपलं सांगायची, गुळासकट. ते ऐकून एखादी उठून आत जायची, एखादी शिव्या द्यायची, की आमच्या मेल्या लेकराची मढी कशाला उकरता? एका गावात बसम्मा नावाच्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आमी दोन बकरी कापली, ती उगीचच?"

बारा गावांत मुद्रिका धरून तीन लेकरं निघाली. तीनच, आणि तीही संशयाची. पण शिवकांता म्हणाली, मी एकसुद्धा धरून चालले नव्हते.

उन्हाळ्यात माळावरचं काम पुन्हा सुरू झालं. गुणाबाईनं गूळ बंद केला. पहिला आठवडा माळावर नुसता आकांत होता. नरसिंग तणतणत आला, "काय चाललंय गुणाबाई? बाया पाट्या टाकून खाली पळूलाल्यात!" ती म्हणाली, "रडू दे लेकरं. रडून कुणी मरत न्हाई." दुपारी ती ओल्या फडक्यानं प्रत्येकाच्या हिरड्या, दात पुसायची, ओठ उचलून बघायची. काही आयांनी आपली लेकरं तिच्याकडं ठेवणंच सोडलं आणि आपला गूळ आपण देऊ लागल्या. साहेब परत तपासणीला आले तेव्हा कुणी तिला सोन्यासारखी म्हटलं नाही.

सिद्रामप्पा महिन्यातल्या एका रविवारी औशाला यायचं कबूल झाले होते. पहिल्या रविवारी गुणाबाई चौदा लेकरं घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला नऊ. पावसाळ्यात गाडी बंद पडली तेव्हा एकही नाही. हे असंच वर-खाली चालत राहिलं. शिवकांताचं शिक्षण पुरं झालं, पाहणी इंग्रजीत छापून आली. तिनं एक प्रत गुरुजींच्या पत्त्यावर धाडली. त्यात मुद्रिकाचं नाव नव्हतं, नावं नसतातच म्हणे. पण गुरुजींनी एका ओळीवर बोट ठेवून सांगितलं, तीन मृत्यू, असं इथं लिहिलंय.

केवळा दिवाळीनंतर परत आली. पुढच्या सालात तिला दुसरी मुलगी झाली. गुणाबाईनं न्हाऊ घालायला पाणी तापवलं, पण केवळानं बाळ स्वतःच न्हाऊ घातलं. गुणाबाईनं हट्ट धरला नाही. वर्षभर ते लेकरू आजीच्या मांडीवर फारसं आलंच नाही. आलं तरी केवळा दारात उभी राहून बघायची.

मग एका सालात पाऊस बरा झाला आणि खुरपणीला माणूस मिळेना. एके सकाळी केवळानं खुरपं घेतलं, लेकरू आणून गुणाबाईच्या पुढ्यात बसवलं. "भाकर कुस्करून ठिवलीय. दुसरं काय देऊ नगा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. बांधावरून तिनं एकदा मागं वळून बघितलं. लेकरू आईच्या मागं हात पसरून रडायला लागलं, आणि गुणाबाई त्याला कडेवर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागली.